पांढरी माशी आणि वन्संचं नाक

गुरुवारी दुपारी वन्सं आणि मी मोठ्या चादरीची घडी घालत होतो. दोन टोकं त्यांच्या हातात, दोन माझ्या. एक घडी पडली होती. दुसरीसाठी मी चार पावलं पुढे गेले, तेवढ्यात भाजी उत्पादक संस्थेचा शिपाई दारात उभा राहिला आणि वन्संनी आपली टोकं सोडून दिली. धुतलेली चादर फरशीवर. मी ती उचलेपर्यंत त्यांनी शिपायाच्या हातचं पत्र उघडलं होतं.

पत्र चार ओळींचं होतं. पांढऱ्या माशीचा उपद्रव वाढल्यामुळे पुढच्या शुक्रवारी संस्थेचा टँकर सगळ्या प्लॉटवर एकाच दिवशी औषध फवारणार. प्रत्येकाने संमतीची सही शनिवारपर्यंत द्यावी. जो देणार नाही त्याचा प्लॉटचा करार संपला असं समजण्यात येईल.

"सही कुठे करायची?" शिपायाने पेन पुढे केलं.

"पेन तुझ्या खिशात शोभतंय," वन्सं म्हणाल्या. "तिथेच असू दे."

आमच्या वन्सं म्हणजे यांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही. स्थळं आली होती. सासूबाई सांगायच्या की एकाला हिने तोंडावर विचारलं, तुम्ही केसांना काय लावता, आणि तो उठून गेला तो गेलाच. वन्संचं म्हणणं, त्याच्या तेलात भेसळ होती आणि ते त्याला माहीत नव्हतं, म्हणजे माणूस एकतर लबाड नाहीतर बावळट, आणि मला दोन्ही चालत नव्हतं.

हे नाकाचं प्रकरण थट्टेचं नाही. सतराव्या वर्षी त्या साबणाच्या कारखान्यात वड्यांना कागद गुंडाळायच्या कामाला लागल्या. आतल्या बाजूला सुगंधाचं खातं होतं. तिथे पानाफुलांमधून वाफेवर तेल उतरवायचे आणि तिथे बायकांना घेत नसत. वन्सं जेवणाच्या सुट्टीत दाराशी जाऊन उभ्या राहायच्या. एक दिवस मुकादमाने चिडवायला तीन बाटल्या पुढे केल्या, सांग बघू यातली चांगली कुठली. वन्संनी तिन्हींचा वास घेतला आणि सांगितलं, चांगली एकही नाही, पण मधल्या बाटलीत टर्पेंटाइन आहे. त्या बाटल्या बाहेरून विकत आलेल्या होत्या. तपासणी झाली आणि मधल्या बाटलीत टर्पेंटाइन निघालं. पुढच्या महिन्यापासून वन्सं आतल्या खात्यात. तिथे त्यांनी एकतीस वर्षं काढली. कुठल्या पानाचं तेल किती वेळाने उतरतं, कुठलं तेल उन्हात उडून जातं, कुठलं कातडीला झोंबतं, हे सगळं त्या वासावरून सांगतात. वस्तीतले लोक त्यांना वासबाई म्हणतात. त्यांनी ते नाव कधी नाकारलं नाही. "नाक आहे म्हणून म्हणतात," त्या म्हणतात. "ज्यांना नाही त्यांना काय म्हणणार?"

सुगंधाचं खातं बंद झालं तेव्हा त्यांनी संस्थेकडून प्लॉट घेतला. आमच्या घरापासून दहा मिनिटं चालायच्या अंतरावर. टोमॅटोच्या वीस ओळी, एका टोकाला पत्र्याची शेड, पाण्याचा नळ. पहिल्या वर्षी सगळ्यांसारखं त्यांनीही दुकानातलं औषध मारलं. तोंडाला फडकं बांधून, सांगितलं होतं तसं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना चहा दिला तर कप नाकाशी धरून बसून राहिल्या.

"वहिनी, यात काही घातलंस का?"

"आलं घातलंय."

"नाही घातलंस."

मी पातेल्यातलं आलं काढून दाखवलं. त्यांनी ते बोटात चुरडलं, नाकाशी नेलं, आणि खाली ठेवलं. अकरा दिवस त्यांना कशाचाच वास आला नाही. मी रोज प्रार्थनेला बसले की त्यांचं नाक मागायचे. देवाकडे आजवर लोकांनी काय काय मागितलं असेल, पण नाक बहुधा मी एकटीनेच. बाराव्या दिवशी त्या अंगणातून आत आल्या आणि म्हणाल्या, शेजारच्यांचं दूध उतू गेलंय. खरंच गेलं होतं. त्या दिवसापासून दुकानातल्या औषधाची बाटली प्लॉटवर आली नाही.

मग त्यांनी जे येत होतं ते केलं. कुंपणाच्या कडेने गवती चहा लावला, नळाखाली ओल असते तिथे पुदिना. शेडमध्ये एक मोठं झाकणाचं भांडं, त्यातून निघालेली तांब्याची नळी, ती थंड पाण्याच्या बादलीतून फिरवून खाली बाटलीत. भांड्यात ही पानं आणि पाणी घालून ते दिवसभर धगीवर ठेवलं की बाटलीत पाणी साठतं आणि त्यावर बोटाच्या पेराएवढा पिवळसर थर तरंगतो. तेवढंच तेल. ते पाण्यात मिसळून टोमॅटोच्या पानांना खालच्या बाजूने फवारायचं, कारण पांढरी माशी पानाच्या खाली बसून रस शोषते. वरून कितीही मारलं तरी ती आपली पानाच्या छत्रीखाली मजेत.

"याने माशी मरते का?" मी पहिल्यांदा विचारलं होतं. जीव घ्यायचा म्हणजे माझ्या मनाला जरा जड जातं.

"काही मरतात. बऱ्याच कंटाळून जातात. वास उडाला की परत येतात. म्हणून दर चौथ्या दिवशी संध्याकाळी मारायचं. उन्हात मारलं तर तेल उडतं आणि पान भाजतं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या देवाला सांग, आम्ही मारतो कमी, हाकलतो जास्त."

शुक्रवारी संध्याकाळी वन्सं संस्थेच्या कचेरीत गेल्या. पत्राचं उत्तर पत्राने द्यायचं नसतं, असं त्यांचं मत. पण शुक्रवार फवारणीचा चौथा दिवस होता. मी म्हटलं, मी मारते. इतक्या वेळा पाहिलंय.

"आधी कपात तेल आणि पातळ साबण घे," त्यांनी बजावलं. "ढवळत राहा, दुधासारखं पांढरं होईपर्यंत. मगच पाण्यात ओत. आणि पंप मधूनमधून हलव."

मी सगळं नीट ऐकलं. प्लॉटवर गेले, कपात तेल घेतलं, साबणाची बाटली उघडली आणि थांबले. साबण. भांड्यांचा, कपड्यांचा साबण. जे फळ कुणाच्या तरी पानात जाणार, लेकरं खाणार, त्याला साबण फासायचा. माझ्या मनाला ते पटेना. तेल तर पानाफुलांचं, देवाने दिलेलं. त्यात कारखान्यातला साबण कशाला? वन्संना साबणाची सवय, एकतीस वर्षं त्याच वासात गेली, म्हणून घालत असतील. मी बाटलीचं झाकण परत लावलं, तेल तसंच पंपातल्या पाण्यात ओतलं, हात जोडले आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. अगदी मन लावून, प्रत्येक पानाखालून. पंप हलवायचं मात्र राहूनच गेलं.

वन्सं घरी आल्या त्या मोठ्या खुशीत. हे जेवायला बसले होते. "सही केलीस का गं ताई?" यांनी विचारलं. यांना भांडण अजिबात नको असतं. मीटरचं रीडिंग घ्यायची नोकरी. लोकांच्या शिव्या ऐकून ऐकून घरात यांना शांतता लागते.

"नाही केली."

"मग प्लॉट गेला."

"नाही गेला. अध्यक्ष म्हणाले, एका प्लॉटवर माशी राहिली की सगळ्यांकडे पसरते. मी म्हटलं, बरोबर. मग माझ्याकडे आहे की नाही ते मोजा. येत्या गुरुवारी सकाळी मोजणार. वीस ओळी, प्रत्येक ओळीतलं एक पान, पान ते निवडणार. वीस पानांवर मिळून दोनशेच्या वर माशा निघाल्या तर मी सही करीन आणि टँकरला गेट उघडून देईन. दोनशेच्या आत असल्या तर टँकर माझ्या गेटवरून पुढे जाईल."

"आणि तू हे कबूल केलंस?"

"मीच सुचवलं."

यांनी ताटाकडे पाहून एक सुस्कारा टाकला. मी मात्र मनातल्या मनात देवाचे आभार मानले. किती योग्य वेळी मी नीट फवारणी केली, असं मला वाटत होतं.

शनिवारी सकाळी शेजारच्या प्लॉटवरचे काकडीवाले काका कुंपणाशी आले आणि तिथूनच म्हणाले, "वासबाई, आज टोमॅटो भाजून विकणार वाटतं."

शेवटच्या तीन ओळी करपल्या होत्या. पानांच्या कडा तपकिरी, मधे पारदर्शक डाग, काही तर इस्त्री फिरल्यासारखी. आणि पहिल्या ओळींची पानं वन्संनी उलटली तर माशा पिठासारख्या उडाल्या. वन्सं तीनही ओळींमधून एकदा चालत गेल्या. वाकून वास घेतला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "साबण किती घातलास?"

तिथेच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "घातला असेल नेहमीसारखा." आयुष्यात मी फार खोटं बोललेले नाही, त्यामुळे मला ते येतही नाही. घरी जाऊन प्रार्थनेला बसले, पण डोळे मिटले की करपलेली पानंच दिसायची. शेवटी उठले, पुन्हा प्लॉटवर गेले. वन्सं शेडमध्ये भांडं घासत होत्या.

"वन्सं, मी साबण घातलाच नाही. खाण्याच्या वस्तूला साबण लावणं मला बरं वाटलं नाही. आणि मघाशी खोटं बोलले. देवाजवळ कबूल केलं, आता तुमच्याजवळ."

"देवाला आधी सांगितलंस?"

"हो."

"त्याच्याकडे प्लॉट नाही," वन्सं म्हणाल्या. "मला आधी सांगायचं."

मग त्यांनी काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, त्यात थेंबभर तेल टाकलं आणि माझ्यापुढे धरलं. तेल वर तरंगत राहिलं. चमच्याने ढवळलं, क्षणभर गढूळ झालं, पुन्हा वर. "पंपाची नळी तळातून पाणी ओढते. तू पहिल्या सतरा ओळींना पाणी पाजलंस, आणि शेवटच्या तीन ओळींना निव्वळ तेल. साबण टोमॅटोला धुवायला नसतो गं. तेलाचे बारीक बारीक थेंब धरून ठेवायला असतो. थोडासाच लागतो, आणि वापरायच्या आधी टोमॅटो पाण्याने धुतोच ना आपण?"

"मी हात जोडले होते फवारताना," मी म्हटलं. का म्हटलं देव जाणे.

"चांगलं केलंस. पण तेल पाण्यात मिसळायचं काम त्याने साबणाला दिलंय. एकाचं काम दुसऱ्याकडे कशाला मागायचं?"

मला रडू आलं. त्यांना रडणाऱ्या माणसाचा फार कंटाळा. त्यांनी माझ्या हातात कप दिला. "ढवळ. पांढरं होईपर्यंत. आज संध्याकाळी सतरा ओळी पुन्हा मारायच्या आहेत, आणि मारणार तूच."

"मी?"

"आता या चुकीत सगळ्यात हुशार तूच आहेस."

शनिवारी संध्याकाळी मी मारलं, मंगळवारी पुन्हा मारलं. पंप इतका हलवला की खांदे आखडले. हे रोज रात्री जेवताना एकच सांगायचे, त्या तीन ओळी उपटून टाका, निदान दिसणार नाहीत. बुधवारी यांनी फावडंसुद्धा काढून ठेवलं. वन्संनी ते परत शेडमध्ये नेऊन ठेवलं.

"ताई, लोक हसतील."

"हसू देत. झाकायचंच होतं तर मी मोजायला कशाला बोलावलं?"

गुरुवारी सकाळी, ऊन वर यायच्या आत, अध्यक्ष आले. सोबत संस्थेचे दोघे, एकाच्या हातात वही, एकाच्या हातात भिंग. काकडीवाले काका बोलावणं नसताना कुंपणाला टेकून उभे. अध्यक्ष वाईट माणूस नाहीत. त्यांचीही झाडं आहेत, त्यांच्याही झाडांवर माशी आहे, आणि सगळे रोज त्यांच्याच डोक्यावर बसतात. पहिल्या ओळीत त्यांनी स्वतः वाकून, मधल्या उंचीचं, चांगलं मोठं पान निवडलं. हळूच उलटलं. भिंग लावलं. "नऊ." दुसऱ्या ओळीत सहा. तिसरीत अकरा. मी पदर तोंडाशी धरून एकेक आकडा मनात मिळवत होते आणि मधे मधे देवाचं नाव घेत होते, त्यामुळे दोनदा बेरीज चुकली.

सतराव्या ओळीपर्यंत एकशे एकतीस.

मग त्या तीन ओळी आल्या. अध्यक्षांनी एक करपलेलं पान उलटलं आणि हसले. "इथे शून्य. मेलेल्या पानावर माशी कशाला बसेल? बाई, यात तुमचाच फायदा झाला की."

हे माझ्या शेजारी उभे होते. मला जाणवलं, यांनी सुटकेचा श्वास सोडला. शून्य, शून्य, शून्य, एकशे एकतीस, झालं, जिंकलो.

"शून्य लिहू नका," वन्सं म्हणाल्या.

वहीवाल्याने पेन थांबवलं.

"त्या ओळी आमच्या चुकीने जळल्या आहेत. साबण न घालता तेल मारलं गेलं. चुकीचा फायदा मला नको. त्या पानांना दंड लावा. एकेका पानाला वीस."

"ताई, गणित कर," हे दबक्या आवाजात म्हणाले.

"केलंय."

तीन गुणिले वीस, साठ. एकशे एकतीस आणि साठ. मी बोटांवर मोजलं, मग पुन्हा मोजलं. एकशे एक्याण्णव. दोनशेच्या आत नऊ माशा. देवा, नऊच. त्या क्षणी मला वन्संचा इतका राग आला की शेडमधला पंप आणून त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला.

अध्यक्षांनी वहीतली बेरीज पाहिली. "बसतंय," ते म्हणाले. "पण चूक तुम्ही केली की आणखी कुणी?"

मी पुढे झाले. "मी केली. मला वाटलं साबण—"

"आमच्या घरात झाली," वन्सं मला तोडून म्हणाल्या. "घराचं नाव लिहा."

"असं बघा, बाई," अध्यक्षांनी वही मिटली, "आज तुमच्याकडे कमी आहेत. उद्या वाढतील, आणि मग पलीकडे काकांकडे जातील. म्हणूनच सगळ्यांनी एकदम औषध मारायचं ठरवलंय. काकांनी बघा, या महिन्यात दोनदा मारलं."

"मग काकांकडे कमी असतील," वन्सं म्हणाल्या. "मोजा की. भिंग तेच आहे."

"तो प्रश्न आज नाही."

"आज नाही तर कधी? मला एकटीलाच भिंगाखाली धरायचं होतं का?"

अध्यक्षांनी काही उत्तर द्यायच्या आत कुंपणापलीकडून आवाज आला. "माझी मोजा," काकडीवाले काका म्हणाले. त्यांच्या तोंडावरची नेहमीची थट्टा गेली होती. "मलाही कळू दे, मी तोंडाला फडकं बांधून दोनदा काय मारलं ते."

सगळे पलीकडे गेले. पहिल्याच पानाला एकवीस. दुसऱ्याला चौदा. अकराव्या पानाला दोनशेचा आकडा ओलांडला तेव्हा वहीवाल्याने मोजणं थांबवलं.

"औषध जुनं असेल," अध्यक्ष म्हणाले.

"तुम्हीच दिलेलं, सीलबंद," काका म्हणाले. "बहुतेक माशीला आवडायला लागलंय."

अध्यक्षांनी बराच वेळ भिंग रुमालाने पुसलं. मग म्हणाले, टँकर उद्या येणार, ते आता बदलता येणार नाही, पण वासबाईंच्या गेटवर थांबणार नाही. त्यांचा करार चालू. मात्र दर महिन्याला पानं मोजली जातील, आणि दोनशेच्या वर गेली की सही.

"दर महिन्याला या," वन्सं म्हणाल्या. "पण असंच लवकर या. ऊन वर आलं की माशा उडतात, आणि मग कमी भरतात. मला कमी भरलेल्या नकोत. आणि दर वेळी काकांचंही मोजायचं."

"आणि माझंही?" अध्यक्षांनी विचारलं. थट्टेने विचारलं, असं त्यांना वाटलं असावं.

"तुमचं आधी."

ते लोक गेल्यावर काका तिथेच रेंगाळले. तेल मिळेल का, असं त्यांना विचारायचं होतं आणि विचारता येत नव्हतं. मोठ्या माणसांना कधी कधी लहान वाक्य जड जातं. वन्संनी त्यांना तसंच थोडा वेळ उभं ठेवलं, मग म्हणाल्या, "तेल आत्ता देणार नाही. टँकर येऊन जाऊ द्या, आठ दिवसांनी मोजू. काय होतं ते तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघा, मग मागा. आणि उद्या फवारणी चालू असताना वाऱ्याच्या दिशेला उभे राहू नका, कितीही उत्सुकता असली तरी."

"तुम्ही कुठे असाल?"

"माझ्या गेटवर."

यांनी घरी येताना वाटेत मला विचारलं, ताईने दंड का लावून घेतला असेल, उगीच जीव टांगणीला. मी म्हटलं, मला माहीत नाही, तुमची बहीण आहे, तुम्हीच विचारा. यांनी विचारलं नाही. मी विचारलं. वन्सं चपला काढत होत्या.

"शून्य लावलं असतं तर पुढच्या वेळी म्हणाले असते, ही झाडं जाळून माशा कमी करते," त्या म्हणाल्या. "आता म्हणता येणार नाही."

आज प्रार्थनेत मी वन्संसाठी काही मागितलं नाही. मागितलं असतं तर त्यांना आवडलं नसतं. फक्त आभार मानले, नऊ माशांचे.

टँकरचा माणूस नवीन आहे, त्याला कुठला प्लॉट सोडायचा ते माहीत नाही, आणि अध्यक्षांच्या तोंडी निरोपावर वन्संचा भरवसा नाही. म्हणून त्या जेवणही न करता, गेटवर लावायला 'इथे फवारणी करू नये' अशी पाटी रंगवून घ्यायला पेंटरकडे निघाल्या आहेत.